तारोडीची म्हैस

डॉक्टर सावळे येऊन पोचायच्या आतच संपदाने म्हशीच्या तोंडात हात घातला होता. थेट कोपरापर्यंत.

"मी एवढ्या दोन गाई टोचून येतोच. तू पुढे हो, पण नुसतं लांबून बघ. हात लावायचा नाही," असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तारोडीत त्या दिवशी खुरकुताची लस द्यायची होती आणि ते दोघं सकाळपासून दारोदार फिरत होते. तेवढ्यात शिवदास भोईर धावत आला. त्याच्या म्हशीच्या घशात काहीतरी अडकलंय, दोन दिवस चारापाणी बंद आहे, तोंडातून लाळेची धार लागलीय. डॉक्टरांना हातातलं काम अर्धवट सोडता येईना, म्हणून त्यांनी संपदाला त्याच्याबरोबर पुढे धाडलं.

संपदा सतरा वर्षांची होती. अकरावी सायन्सची परीक्षा नुकतीच झाली होती. लालबागच्या दोन खोल्या सोडून तिचे आईवडील पाच वर्षांपूर्वी भाईंदरच्या जेसल पार्कात राहायला आले, तेव्हा बिल्डिंगच्या मागे खाडीपर्यंत मोकळी जमीन होती आणि तिथल्या एका कुत्रीचा पाय टेम्पोखाली आला होता. संपदाने तिला गोणपाटात गुंडाळून रेल्वेलाइनच्या पलीकडे, भाईंदर पश्चिमेला, डॉक्टर महिपत सावळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला तो रुक्ष माणूस. त्याने मुलीचं कौतुक वगैरे काही केलं नाही. "डोकं घट्ट धर, आणि रडायचं असेल तर बाहेर जा," एवढंच म्हणाला. ती रडली नाही. त्यानंतर दर शनिवारी ती दवाखान्यात जायला लागली. आधी सुया उकळल्या, मग जनावरं धरली, मग ताप बघायला शिकली. यंदाच्या मे महिन्यात डॉक्टर तिला स्कूटरवर मागे बसवून गावांत न्यायला लागले होते.

आणि गेल्याच आठवड्यात राई गावात त्यांनी एका गाईच्या घशातून आंब्याची कोय काढली होती. बॅटरी संपदाने धरली होती. हात कसा चपटा करायचा, जीभ कशी बाजूला ओढायची, सगळं तिने डोळ्यांत साठवलं होतं. भोईरांच्या गोठ्यात शिरताना तिच्या मनात एकच चित्र होतं. डॉक्टर दारात येतील, तेव्हा कोय आपल्या हातात असेल.

म्हैस मान लांब करून उभी होती. खुंट्याजवळ शिवदासची सात वर्षांची मुलगी चांदणी तिच्या तोंडाखाली तळहात धरून होती, हातावर गुळाचा खडा. "दे, दे, गूल तरी खाईल," तिची आई रुक्मिणी मागून म्हणत होती. म्हशीने गूळ खाल्ला नाही. पोरीच्या हातावरून एकदा जीभ फिरवली, लाळेची तार खालपर्यंत लोंबली. चांदणीने हात फ्रॉकला पुसला आणि आईने तिला बाहेर पिटाळलं. शिवदास तेवढ्यात दोर आणायला पडवीत गेला होता.

"मी काल हात घालून बगितला," दोर आवळत तो म्हणाला. "मना तर काय लागला न्हाय. तू शिकलेली हायस, तू बग."

शिकलेली! संपदाचे कान गरम झाले. रुक्मिणीने खालचा जबडा धरला, शिवदासने शिंगं. संपदाने बांगड्या काढल्या आणि हात आत घातला.

आत सगळं ऊन आणि चिकट होतं. पण गाईची जीभ त्या दिवशी डॉक्टरांच्या हाताला कशी ढकलत होती, तसं इथे काहीच नव्हतं. ही जीभ नुसती पडून होती. तिने बोटं आणखी मागे नेली. घसा मोकळा. कोय नाही, काटा नाही, काही नाही. हात काढताना मागची दाढ तिच्या बोटांच्या पेरांवरून घासली. दोन बारीक रेघा उमटल्या आणि त्यांतून रक्त आलं.

तेवढ्यात म्हैस ओरडली. घोगरा, फाटका, तुटत तुटत निघणारा असा आवाज संपदाने कुठल्याही जनावराच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर दारापर्यंत आले होते. तो आवाज ऐकून ते तिथेच थांबले. आत आले नाहीत. त्यांनी बॅग हळूच खाली ठेवली.

"सगळे मागे सरा," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "शिवदास, दोर सोड आणि बाहेर ये. हिला कुत्रं चावलं होतं का?"

"न्हाय, न्हाय. कुत्रा कुठला?"

"चावलेला की!" दाराआडून चांदणी म्हणाली. "होलीच्या दुसऱ्या दिवशी लाल कुत्रा आलता. नाकाला चावला तिच्या."

"तू गप बस!" शिवदास खेकसला. पोरगी घरात पळाली.

डॉक्टरांनी संपदाकडे पाहिलं. तिचा हात कोपरापर्यंत ओला होता. तो पाठीमागे लपवावा असं तिला एक क्षण वाटलं. मग ती म्हणाली, "मी हात घातला. आतपर्यंत. दात लागलाय."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी तिला दंडाला धरून विहिरीवर नेलं, रुक्मिणीकडून कपड्यांचा साबण मागून घेतला आणि मनगटावरचं घड्याळ काढून कठड्यावर ठेवलं. "पंधरा मिनिटं. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." ते स्वतः बादलीने पाणी ओढत राहिले आणि तिच्या हातावर ओतत राहिले. फेस लाल झाला, मग पांढरा झाला. शिवदास आणि रुक्मिणी शेजारच्या दगडावर हात धूत होते. गोठ्यातून मधूनमधून तो आवाज येत होता.

"पिसाळलीय ना?" संपदाने शेवटी विचारलं.

"बहुतेक. गिळता येत नाही म्हणून लाळ गळते आणि लोकांना वाटतं घशात अडकलंय. मग हात घालतात." त्यांनी आणखी एक बादली ओतली. "रोग एकदा अंगात उठला की त्यावर औषध नाही. माणसाला नाही, जनावराला नाही. पण उठायच्या आधी लस घेतली तर माणूस वाचतो. तू वाचशील. आजच पहिलं इंजेक्शन. एकही दिवस चुकवायचा नाही."

तिथून निघताना त्यांनी शिवदासला साखळी बांधायला लावली, गोठ्याचं दार बंद करायला सांगितलं आणि विचारलं, "आणखी कोणी लाळेत हात घातलाय? नीट आठवून सांग."

"कोन न्हाय. आमी दोघांच," शिवदास म्हणाला.

रुक्मिणी पदराच्या टोकाने हात पुसत होती. पुसून झाले तरी पुसतच राहिली. संपदाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तिला स्वतःच्या पेरांवरच्या त्या दोन रेघांशिवाय काही दिसत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात पोटाची कातडी चिमटीत धरून नर्सने लांब सुई घातली. बेंबीच्या उजवीकडे पहिली. उद्या डावीकडे. अशी रोज एक, चौदा दिवस. औषध आत जाताना जळजळलं आणि तिथे लिंबाएवढी गाठ आली. संपदाने ओठ आवळले. मागे शिवदास आणि रुक्मिणी रांगेत होते.

घरी सांगायला डॉक्टर स्वतः आले. संपदाचे वडील ईश्वर पेडणेकर फोर्टातल्या एका जहाज कंपनीत हेडक्लार्क. ते नुकतेच ऑफिसातून येऊन चहा पीत होते. डॉक्टर उंबऱ्यातच उभे राहिले आणि त्यांनी एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. आई, अंबिका, आधी खुर्चीवर बसली, मग उठली, मग परत बसली.

"सतरा वर्षांच्या मुलीला तुम्ही एकटीला पाठवलंत?" वडिलांनी कप बशीवर आदळला. "तुम्हाला काही वाटतं का हो?"

"हो. चूक माझी आहे."

"बाबा, त्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं," संपदा म्हणाली. "मी ऐकलं नाही."

वडिलांनी तिचं बोलणं हाताने तोडलं. "उद्यापासून तो दवाखाना बंद. ती गावं बंद. इंजेक्शनं संपली की बारावीचा क्लास लावायचा, आणि जनावराचं नाव या घरात काढायचं नाही." डॉक्टर मान हलवून जिना उतरून गेले.

त्या दिवसापासून रोज सकाळी दात घासून झाले की संपदा ग्लासभर पाणी प्यायची आणि प्रत्येक घोट कसा उतरतोय ते तपासायची. पिसाळलेल्या माणसाला पाणी गिळवत नाही, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. घोट सरळ खाली उतरायचा. तरी तिला वाटायचं, आज जरा अडखळला का? आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत असायची. ग्लास रिकामा होईपर्यंत हलायची नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत शिवदास आणि रुक्मिणी तिच्या पुढेच होते. शिवदासने म्हशीबद्दल सांगितलं. आता ती मागच्या पायांवर उभी राहत नाही, दावणीला डोकं आपटते. बघवत नाही. तिचा आवाज ऐकून पोर घाबरायला लागली, म्हणून तिला गोराईला मामाकडे पाठवलीय.

पोर! गुळाचा खडा, पुढे केलेला तळहात, त्यावरून फिरलेली जीभ. तीन दिवस ते चित्र तिच्या डोक्यात होतं आणि स्वतःच्या भीतीखाली दबून गेलं होतं. त्या हाताला काही लागलेलं होतं का? होतं. अंगठ्याजवळ खपली निघालेलं खरचटलं होतं. खेळताना पडली असेल. तिने ते पाहिलं होतं.

"दादा, चांदणीला इंजेक्शन?"

"तिना हात कुठं लावला?"

"लावला. मी आले तेव्हा ती गूळ देत होती. म्हशीने तिचा हात चाटला."

शिवदासने वळून बायकोकडे पाहिलं. "काय गो?"

"न्हाय," रुक्मिणी म्हणाली. जमिनीकडे बघत. "पोरगी दारात व्हती. हिला भास झाला आसंल. घाबरलीय ती."

"ताई, तुम्हीच तर म्हणालात, दे म्हणून..."

"ए, पुरे!" शिवदासचा आवाज चढला. रांगेतले लोक बघायला लागले. "माझ्या चुलतभावाना हीच सुया घेतल्या व्हत्या. दहाव्या सुईला त्याचं पाय गेलं. आजून काठी घेऊन चालतो. मी घेतो, बायको घेतं, कारन आमी हात घातला. माझ्या पोरीला उगाच टोचू काय मी? तुमाला काय, तुमी बिल्डिंगवालं. तीन दिवस झालं, सगल्या गावाना दूध बंद केलाय आमचा. आता पोरीवर पन नाव आना!"

संपदा इंजेक्शन घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली. वडिलांची मनाई मोडून. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, स्कूटर काढली आणि तारोडीला गेले. दोन तासांनी परत आले ते हात हलवत. शिवदासने त्यांना अंगणातही येऊ दिलं नव्हतं.

"चुलतभावाचं खोटं नाही," ते म्हणाले. "या लशीने हजारांत एखाद्याला तसं होतं. त्याला ते दिसलंय. न उठलेला रोग त्याला दिसत नाही."

"मग?"

"मग काय? मी पोलीस घेऊन जाऊ? ते दार लावून घेतील आणि पोरीला आणखी लांब पाठवतील." त्यांनी कपाळ चोळलं. "खरचटलेल्या हाताला चाटलंय, म्हणजे वेळ आहे. पण किती, ते मला सांगता येत नाही. आठवडे असतील. नसतीलही."

चौथ्या दिवशी दुपारी म्हैस मेली. डॉक्टरांनी तिचं डोकं परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात तपासायला पाठवलं. शिवदासने त्याला हरकत घेतली नाही.

त्या रात्री जेवताना संपदाला घास जाईना. गिळताना अडतंय की भूकच नाही, हेही तिला कळेना. आई भांडी आवरत होती. संपदा ओट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. गूळ, खपली, रुक्मिणीचं खाली बघणं.

अंबिकाबाईंना जनावरांचा वासही सोसायचा नाही. शनिवारी संपदा घरी आली की तिचे कपडे त्या वेगळ्या बादलीत भिजवत. त्यांनी नळ बंद केला.

"ती बाई नवऱ्यासमोर खाली बघत होती?"

"हो."

"म्हणजे नवऱ्याला माहीत नाही. तिनेच पोरीला पुढे केलं, आणि आता सांगायची छाती होत नाही." आईने पदराला हात पुसले. "डॉक्टर जाऊन काय उपयोग? तो नवऱ्याशीच बोलणार. उद्या मी येते."

"बाबा?"

"बाबांना मी बघते."

दुसऱ्या दिवशी संपदाचं पाचवं इंजेक्शन झालं आणि मायलेकी उत्तनच्या बसमध्ये बसल्या. पोटावरच्या गाठी खडखडाटात दुखत होत्या. तारोडीत उतरल्यावर आईने नाकाला पदर लावला, सुकत घातलेल्या मासळीतून वाट काढली आणि भोईरांच्या अंगणात पाऊल टाकताना तो पदर नाकावरून काढला.

शिवदास घरी नव्हता. रुक्मिणी पडवीत बसली होती. गोठा धुऊन चुना मारलेला, रिकामा. संपदाला बघताच ती उठून आत जायला निघाली.

"थांबा," आई म्हणाली. "मी भांडायला नाही आले. मी हिची आई." तिने संपदाला जवळ ओढलं आणि कुर्त्याचं टोक वर केलं. पाच गाठी, लालनिळ्या. "माझ्या मुलीचं पोट बघा. मला काय वाटतं ते तुम्हाला कळेल. रोज सकाळी ही पाणी पिते तेव्हा मी हिचा गळा बघत उभी असते."

रुक्मिणी बघत राहिली.

"मला एकच सांगा. पोरीने हात लावला होता का? लावला नसेल तर मी आत्ता परत जाते."

पडवीत माश्या घोंघावत होत्या. रुक्मिणीने खांब धरला आणि ती हळूहळू खाली बसली. "मीच सांगितला तिला," ती म्हणाली. "तिच्या हातनं खायची ना म्हस. मना वाटला, तिच्या हातनं तरी गूल खाईल." मग तिला हुंदका आला. "ह्याना सांगितला तर मना जीता ठेवनार न्हाय."

"ते नंतर बघू. गोराई किती लांब?"

गोराईला जाणारी शेअर रिक्षा भरायला अर्धा तास लागला. रुक्मिणी सारखी रस्त्याकडे बघत होती. मामाच्या घरी चांदणी चिंचेखाली एकटीच ठिकरीने खेळत होती. "मी पानी पिते हां रोज," संपदाला बघून ती आपणहून म्हणाली, कारण मोठ्या माणसांचं बोलणं तिने ऐकलं होतं. संपदाने तिचा अंगठा पाहिला. खपली गेली होती, तिथे गुलाबी कातडी आली होती. हात कोरडा, थंडगार. ताप नाही. तिने मनात शंभर वेळा स्वतःला बजावलं, अजून काही झालेलं नाही, अजून वेळ आहे.

परतीला चौघी तारोडीच्या थांब्यावर भाईंदरची बस बघत उभ्या होत्या. सायकलवरून शिवदास आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने सायकल रस्त्यातच टाकली.

"कुठं चाललीस?" तो रुक्मिणीला म्हणाला. "आन तुमी! तुमाला सांगितला व्हता ना? पोर माझी हाय!"

त्याने चांदणीचं मनगट धरलं. संपदा मध्ये शिरली. आपण हे करतोय हे तिला नंतर कळलं. तिने पोरीचा दुसरा हात सोडला नाही. "दादा, मला मारा, पण तिला नेऊ द्या."

"बाजूला हो!"

"आवं, मी तिला दिला गूल," रुक्मिणी ओरडली. "मी! माझ्या सांगन्यावरनं दिला. म्हशीना चाटला तिचा हात. मी तुमच्याशी खोटा बोलले."

शिवदासने बायकोकडे पाहिलं. मग मुलीकडे. "चांदणे?"

"दिला मी," चांदणी म्हणाली. "तिना खाल्ला न्हाय. नुसता माझा हात चाटला. जीभ गरम व्हती."

बस येऊन थांबली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. शिवदासचा हात वर गेला, आणि संपदाला वाटलं आता तो रुक्मिणीला मारणार. अंबिकाबाई पुढे सरकल्या. पण तो हात खाली आला. त्याने पोरीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि तो बसमध्ये चढला. सायकल तशीच रस्त्यात पडून राहिली.

बसमध्ये तो पुढच्या बाकावर बसला. वाटेत एकदाही त्याने मागे पाहिलं नाही. दवाखान्यात सुई टोचताना चांदणी किंचाळली, तेव्हा तो तिचे पाय धरून होता.

सहाव्या दिवशी परळहून निरोप आला. म्हैस पिसाळलेलीच होती.

पुढचे दिवस कसे गेले ते संपदाला नीट आठवत नाही. दहाव्या इंजेक्शनाला तिच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या आणि ती रात्रभर पायाची बोटं हलवून बघत बसली. शिवदासचा चुलतभाऊ तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी मुंग्या गेल्या होत्या. पाय वेडावाकडा दुमडून झोपल्यामुळे आल्या असतील. शिवदास रोज चांदणीला घेऊन यायचा. मुलीला टोचून झालं की तिला उभी करायचा आणि म्हणायचा, "चाल. दारापर्यंत चालून दाखव." चांदणी चालून दाखवायची. मग तो तिला उचलून घ्यायचा. संपदाशी तो बोलला नाही. एकदाही नाही. रुक्मिणीशी बोलत होता की नाही, कोण जाणे. दोघं यायचे एकत्र, बसायचे मात्र अंतर ठेवून.

चौदाव्या दिवशी वडील ऑफिसला गेले नाहीत. तिच्याबरोबर दवाखान्यात आले. शेवटची सुई झाली आणि ते दोघं बाहेर पडले. घराकडे वळायच्या ऐवजी वडील डॉक्टर सावळ्यांच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागले. संपदा मागे चालत राहिली.

डॉक्टर एका बकरीच्या खुरांना औषध लावत होते. त्यांनी हात धुतले आणि खुर्ची पुढे केली. वडील बसले नाहीत.

"माझी बायको त्या गावात गेली," ते म्हणाले. "मला न विचारता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. रोज तेच ऐकतोय. ती मुलगी, तो माणूस, ती बस." ते थांबले. "मला तुमच्याकडून एक खरं हवंय. हिच्या हातून पुन्हा अशी चूक होईल?"

डॉक्टरांनी संपदाकडे पाहिलं. "ही होणार नाही. दुसऱ्या होतील."

वडिलांनी बकरीकडे पाहिलं. "आणि हे जनावरांचं कॉलेज परळलाच आहे?"

"परळला. बारावीला चांगले मार्क लागतात. बायोलॉजीत जास्त."

"क्लास लावलाय," वडील म्हणाले. मग संपदाकडे वळून, "शनिवारी दुपारपर्यंत. गावात जायचं तर आधी मला सांगायचं. आणि हे म्हणतील तिथे उभं राहायचं, एक पाऊल पुढे नाही." एवढं बोलून ते बाहेर जाऊन थांबले. दवाखान्यातला वास त्यांनाही सोसत नव्हता.

डॉक्टरांनी बकरीचं दुसरं खूर उचललं. "धर," ते म्हणाले. संपदाने धरलं. धरण्याआधी तिने हातावर कुठे खरचटलंय का, ते बघून घेतलं.

तीन महिने गेले, सहा गेले. रोज सकाळचा तो ग्लास संपदाने कधी बंद केला, ते तिलाही आठवत नाही. चांदणी दुसरीत गेली. तारोडीतल्या कुत्र्यांना लस द्यायला डॉक्टर गेले, तेव्हा गावातले निम्मे लोक कुत्री घेऊन आलेच नाहीत. भोईरांमुळे गावाचं नाव खराब झालं, असं ते म्हणत होते. शिवदासने पुन्हा म्हैस घेतली नाही. गोठ्याच्या जागी त्याने दोन खोल्या काढल्या आणि भाड्याने दिल्या. रुक्मिणी रस्त्यात भेटली की थांबायची, संपदाच्या पाठीवरून हात फिरवायची आणि पुढे जायची.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये बारावीचा निकाल लागला. बायोलॉजीत तिला अठ्ठ्याऐंशी होते. परळचा फॉर्म वडिलांनी स्वतः आणला, स्वतःच्या बारीक, हेडक्लार्की अक्षरात भरला, आणि पालकाच्या सहीच्या जागी पेन टेकवून थोडा वेळ थांबले.

"अंबिका," त्यांनी आत हाक मारली. "इकडे ये. ही सही तू कर."